जुडीतली चूक

चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्पादन-रचना म्हणजे रोजच्या वापराची वस्तू माणसाच्या हाताला, सवयीला आणि ऐपतीला कशी मानवेल याचा विचार करून ती घडवण्याची विद्या. या विद्येच्या पहिल्या वर्षी विद्यार्थिनी वर्गापेक्षा कार्यशाळेतच अधिक अडखळते. मात्र ती सुरतेत शिकत असेल, तर त्या अडखळण्याचा अर्थ उलगडून दाखवणारी साडेली नावाची जुनी कला तिच्या शहरातच आहे.

इराणातून आल्याचे मानले जाते अशा या कलेत निरनिराळ्या रंगांच्या लाकडांच्या, आणि पूर्वी हस्तिदंत व कथील यांच्याही, बारीक कांड्या तासून त्यांची जुडी सरसाने घट्ट चिकटवतात, ती वाळली की आडवी चिरून पातळ चकत्या काढतात आणि त्या लाकडी पेटीवर जडवतात. प्रत्येक चकतीवर तीच नक्षी उमटते, ही या रीतीची किमया; पण एखादी कांडी केसभर तिरपी बसली, तर तोच दोष प्रत्येक चकतीवर उमटतो आणि मागाहून कितीही पॉलिश केले तरी तो झाकला जात नाही. म्हणूनच विद्यार्थिनीने आपला बहुतेक वेळ शेवटच्या चकाकीसाठी राखून न ठेवता आखणी, मापन आणि कोन तपासणे या आरंभीच्या कामांना द्यावा.

याचे साधे उदाहरण करवतीचे आहे. ६० मिमीचे पाच तुकडे ३०० मिमीच्या फळीतून निघतील असे कागदावर दिसते. परंतु करवतीचे दात दर कापाला सुमारे २ मिमी लाकडाचा भुसा करत असतील, तर चार कापांत ८ मिमी जातात आणि शेवटचा तुकडा आखूड पडतो. तसेच लाकूड दमट हवेत तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडव्या दिशेने मात्र फुगते, त्यामुळे उन्हाळ्यात सैल सरकणारा खण सुरतेच्या पावसाळ्यात अडकतो. अशी फजिती झाल्यास लाकडाला दोष न देता खणाभोवती किती जागा सोडायला हवी होती, ते वहीत लिहून ठेवावे.

मापाइतकेच वापरणाऱ्याकडे पाहणे महत्त्वाचे आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात साध्या लोट्याची मनापासून थोरवी गायली, कारण भरल्या-रिकाम्या लोट्याचे वजन, त्याचा तोल, पाणी ओतताना पडणारी धार, हातातली पकड अशा अनेक प्रश्नांची उत्तरे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून त्याच्या आकारात उतरली होती. पुढे १९६१ साली अहमदाबादेत स्थापन झालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या विचाराला या अहवालाचा आधार मिळाला. तेव्हा विद्यार्थिनीने आपला पहिला डबा आधी पुठ्ठ्याचा करावा, तो घरातल्या वडीलधाऱ्या हातांना उघडायला द्यावा, बोट कुठे घसरते ते पाहावे, आणि मगच लाकडाला हात घालावा.

यंत्रावर काम करताना केस बांधलेले असावेत, ओढणी दूर असावी, आणि फिरत्या ड्रिलपाशी हातमोजे कधीही घालू नयेत, कारण मोजा गुंडाळला गेला की त्यासोबत हातही ओढला जातो. या बाबतीत घाईला कोणतीही सबब चालणार नाही.

फसलेला नमुना टाकून देण्याचा मोह सर्वांनाच होतो. परंतु गुण मिळवलेली पेटी आपले कौशल्य दाखवते, तर फसलेली पेटी ते कुठे कमी पडले हे दाखवते, आणि पुढची पेटी सुधारते ती या दुसरीमुळेच. दिवाळीला घरी येताना दोन्ही पेट्या सोबत आणाव्यात. मामाला त्यांतली फसलेलीच अधिक वेळ हातात घेऊन पाहायची आहे.

शुभं भवतु.

मामा