दाबटीप : कपड्याच्या सुलट बाजूवरील शिवण

स्मरणिकेसाठी शिवण विभागाकडून लेख मागविण्यात आला, तेव्हा विभागाचा अहवाल लिहिण्यापेक्षा वर्गात शिकविला जाणारा एखादा धडाच वाचकांपुढे ठेवावा, असे आम्ही ठरविले. निवडलेला धडा दाबटिपेचा आहे. कपड्याचे दोन भाग जोडून, शिवण उलटवून झाल्यावर सुलट बाजूने काठाला समांतर जी टीप घातली जाते, ती दाबटीप. शर्टाची कॉलर, कफ, बटणपट्टी, खिसा, कुर्त्याचा गळा, पिशवीचे तोंड अशा सर्व ठिकाणी ती असते. आतली माया दाबून धरणे हे तिचे मूळ काम असून शोभा त्याबरोबर येते.

हाच धडा निवडण्याचे कारण असे की, आमच्या अनेक माजी विद्यार्थिनी आज घरी मशीन टाकून संसाराला हातभार लावीत आहेत. गिऱ्हाईक कपडा हातात घेते ते प्रथम गळा आणि कॉलर पाहते. तेथील टीप वाकडी असेल तर कापणी कितीही उत्तम असो, ‘घरी शिवलेला दिसतो’ असा शेरा मिळतो आणि शिलाईचे पैसे देताना घासाघीस सुरू होते. आम्हांला हा शेरा मुळीच मान्य नाही. घरी शिवणे हे कमीपणाचे नाही. परंतु शेऱ्याला उत्तर शब्दांनी देता येत नाही, ते टिपेनेच द्यावे लागते.

दिसणारा टाका हीच शोभा, ही कल्पना आपल्याला परकी नाही. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून शिवलेल्या गोधडीवर धावदोऱ्याच्या ज्या ओळी दिसतात, त्या थर घट्ट धरण्यासाठीच घातलेल्या असतात, आणि गोधडीचे सौंदर्यही त्यांच्यातच असते. विनयपिटकाच्या महावग्गात मगधातील शेतांच्या बांधांप्रमाणे चीवराची रचना करण्यास बुद्धांनी आनंदांना सुचविल्याची कथा आहे. त्या चीवरातही तुकड्यांचे जोड लपविलेले नाहीत. जोडांच्या पट्ट्यांमुळेच शेताची आकृती उमटते. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर जीन्सचे घ्यावे. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना 1873 साली अमेरिकेत रिव्हेट लावलेल्या पँटचे पेटंट मिळाले. तो कष्टकऱ्यांचा कपडा होता. त्यावरील जाड नारिंगी धाग्याच्या जोडटिपा आज जगभर फॅशन म्हणून मिरवितात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. दाबटीप बिघडते ती बहुधा मशीनवर नव्हे, त्याआधी. कॉलर उलटविण्यापूर्वी आतली माया कापावी लागते, आणि तीही सर्व थरांची सारखी कापून चालत नाही. एक थर अर्धा सूत अधिक, दुसरा अर्धा सूत कमी, अशी पायरी ठेवली म्हणजे वरून इस्त्री केल्यावर कड फुगत नाही. टोकाशी माया तिरपी छाटावी, गोलाईवर कात्रीने बारीक चिरा द्याव्यात. मात्र चीर टिपेच्या धाग्यापर्यंत जाऊ देऊ नये. नंतर कॉलर उलटवून, शिवण बोटांनी चोळून किंचित खालच्या बाजूस वळवावी आणि इस्त्री करावी. इस्त्री केलेला भाग थंड होईपर्यंत हलवू नये. ही पाच मिनिटे वाचविण्याचा मोह सर्वांनाच होतो. गरम कापड मशीनखाली सरकविले की कड पुन्हा उलगडते आणि सरळ हात असलेल्या मुलीचीही टीप नागमोडी जाते.

साध्या शिवणीला टाका सुमारे अडीच मिलिमीटरचा ठेवतात. दाबटिपेला तो तीन ते चार मिलिमीटर करावा. लांब टाका कापडात बुडत नाही, उठून दिसतो. टीप ठळक हवी असल्यास वर जाड धागा आणि बॉबिनमध्ये नेहमीचाच धागा घ्यावा. जाड धागा मिळाला नाही तर साध्या धाग्याची दोन रिळे लावून दोन्ही धागे एकाच सुईत ओवावेत. हा उपाय स्वस्त असून काम चांगले होते. अशा वेळी सुई सोळा नंबरची घ्यावी, वरचे टेन्शन थोडे सैल करावे, आणि त्याच कापडाच्या कातरणावर, तितकेच थर करून, आधी टीप घालून पाहावी. कातरणावर पाहण्याचा कंटाळा करू नये. मलमल किंवा रेशीम यांवरची टीप उसवली तरी सुईची भोके मागे राहतात.

टीप घालताना नजर सुईवर ठेवू नये. काठापासून दोन सूत अंतर हवे असेल तर मशीनच्या पायाची कड कापडाच्या काठाला लावावी आणि नजर तेथेच ठेवावी. काठालगत टीप हवी असल्यास मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावून तिच्या आधाराने काठ सरकवावा. कोपऱ्याजवळ आल्यावर पायटा थांबवून चाक हाताने फिरवावे, सुई कापडात रोवलेली असतानाच पाय उचलावा आणि कापड वळवावे. दोन समांतर टिपा एकाच दिशेने घालाव्यात. एक वरून खाली आणि दुसरी खालून वर घातली तर मधले कापड पिळते. बटणपट्टीवर हा दोष सर्वांत आधी दिसतो. शेवटी दोन्ही धागे उलट बाजूस ओढून गाठ मारावी आणि हातसुईने आत दडवावेत. सुलट बाजूवर मागे-पुढे टीप मारून पक्के करणे येथे शोभत नाही.

रंगाविषयी आमचे मत थोडे कर्मठ आहे, हे मान्य करतो. शिकाऊ हाताने कापडाच्याच रंगाचा, किंवा एक छटा गडद धागा घ्यावा. विरुद्ध रंगाचा धागा प्रत्येक चूक मोठ्याने सांगतो. हात बसल्यावर निळ्या खादीवर पांढरी टीप जरूर घालावी. पण गळ्यावर, बाहीवर, खिशावर आणि घेरावर एकाच वेळी नको. नक्षीच्या टाक्यांची नवी मशीन घरी आली की आठवडाभर घरातील सर्वांच्या कपड्यांवर बदके आणि पाने उमटतात. ते कौतुक आम्ही समजू शकतो.

पालकांसाठी एक गोष्ट. वाढत्या मुलीच्या स्कर्टला आत दुमडलेली जादा माया ठेवली जाते आणि दरवर्षी जूनमध्ये ती थोडी सोडली जाते. अशा घेराला दाबटीप घालू नये, हाताने हेम करावी. टिपेखालचे कापड ऊन न लागल्यामुळे विटत नाही. माया सोडली की जुन्या घडीची आणि टिपेची गडद रेषा स्कर्टभर दिसते, आणि वर्गातल्या मुलींच्या ती लगेच लक्षात येते. रेषा आधीच पडलेली असेल तर त्याच रेषेवर एक टीप आणि तिच्यावर व खाली दोन-दोन सुतांवर आणखी एकेक, अशा तीन टिपा गडद धाग्याने घालाव्यात. गणवेशाच्या नियमात बसत नसेल तर घरच्या फ्रॉकला तरी घालाव्यात. मग ती मायेची खूण न राहता काठ होतो. आमच्या वर्गात हे काम मुली आपापल्या लहान बहिणींच्या फ्रॉकवर करतात. फ्रॉक सुट्टीत घरून आणायचा आणि दिवाळीला परत न्यायचा.