उसना सुरा

मिटणारे चाकू माझ्याकडे बरेच आहेत. अखंड पात्याचा, आमच्या चाकूवेड्या मंडळींच्या भाषेत 'फिक्स्ड ब्लेड', घ्यावा की नाही यावर माझं मन ठरेना. आमच्यातल्याच एका मित्राने मग स्वतःचा काढून दिला. १०९५ कार्बन स्टीलचं पातं, शिसवी मूठ आणि त्याने हौसेने शिवलेलं चामड्याचं म्यान. "पैसे घालण्याआधी हा वापरून बघ," म्हणाला.

पात्याला नाव ठेवायला जागा नव्हती. दगा दिला म्यानाने. सुरा उपसताना डाव्या हाताने म्यान मुठीत आवळलं, कुणीही आवळेल तसंच, आणि धार शिवणीचा दोरा कापत थेट तर्जनीवर आली. टाके घालावे लागले. म्यान शिवताना चामड्याच्या दोन थरांमध्ये धारेच्या अंगाला चामड्याचीच जाड पट्टी घालतात, म्हणजे धार दोऱ्याला न लागता पट्टीवर घासते. या म्यानात ती पट्टीच नव्हती. मित्राला ही खोट कधी जाणवली नाही, कारण तो म्यान नेहमी पाठीच्या बाजूने चिमटीत धरतो. उसन्या हत्याराची गोम हीच. मालकाच्या सवयीखाली हत्याराचे दोष झाकलेले असतात. हत्यार आपल्याकडे येतं, सवय त्याच्याकडेच राहते.

म्हणून सुरा हाती घेण्याआधी मालकालाच तो दोनदा काढायला आणि घालायला सांगावं, आणि पात्याऐवजी त्याच्या हातांकडे बघावं. मग शिवण तपासावी. सुरा आत असताना म्यान जमिनीलगत उलटं धरून हलकेच हलवावं. सुरा घसरला तर ते कमरेला लावण्याच्या लायकीचं नाही. म्यान धरताना बोटं धारेच्या बाजूला वळू द्यायची नाहीत. आणि सुरा परत घालताना गप्पा बंद. हे शेवटचं ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण सुरा म्यानात घालताना लक्ष दुसरीकडे असलं की टोक हातात घुसतं.

चाचणी वाळल्या काटकीपासून सुरू करावी, धार अंगापासून दूर नेत. मांडीवर किंवा दोन मांड्यांच्या मध्ये काही कापू नये. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते आणि ती कापली तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही. मुठीला पुढे अडसर नसेल, तर ओल्या हाताने टोक खुपसायचं कामच करू नये. हात सरकून पात्यावर जातो.

पात्याच्या पाठीवर लाकूड हाणून ओंडका फोडायचा मोह सगळ्यांना होतो. आधी विचारावं. स्वीडनच्या मोरा कंपनीचा 'कंपॅनियन' सुरा कापायला झकास, पण त्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही, आणि हे बाहेरून दिसत नाही. बांबू फोडायचा असेल तर सरळ कोयता घ्यावा. बांबूत सिलिका असते, दुसऱ्याची धार त्यावर कशाला घालवायची?

सह्याद्रीच्या पावसाळ्यात कार्बन स्टील एका रात्रीत गंजतं. लिंबू, कांदा चिरला तर पातं काळवंडतं. काहींना ते डाग आवडतात, पण मालकाला आवडतात का, हे विचारून घ्यावं. काम झालं की पुसून, वाळवून तेलाचा हात फिरवावा, आणि ओल्या चामड्यात सुरा मुळीच ठेवू नये.

नेण्याआणण्याचंही बघावं. शस्त्रनियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरे येतात. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असला, तर लहान सुरा बाळगणंही अडचणीत आणू शकतं, आणि तो आपला नाही हे सांगून सुटका होत नाही. रस्त्यात तो सॅकच्या तळाशी असावा, कमरेला नाही.

राहिली धार. ती आपण लावून देऊ नये. 'स्कँडी', म्हणजे कडेपर्यंत एकच सपाट उतार असलेल्या, धारेचा अख्खा उतार दगडावर सपाट टेकवून घासावा लागतो. आपल्या सवयीच्या कोनात घासली, की कडेला दुसराच छोटा उतार तयार होतो आणि तो काढायला मालकाला बरंच लोखंड झिजवावं लागतं. सुरा बोथट झाला असेल तर बोथटच परत करावा आणि तसं सांगावं. आमच्या मंडळींना त्याचा राग येत नाही. रात्री दगड घेऊन बसायला निमित्तच हवं असतं.