'स्वखुशीने गेला' : वेठीस धरलेल्या पुरुषाविषयी

'मनुष्यव्यापार' हा शब्द उच्चारला की आपल्यापुढे कोणते चित्र उभे राहते? बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फसवून शहरात आणलेली एखादी मुलगी येते. हे चित्र खोटे नाही. दुर्दैवाने ते फारच खरे आहे. पण आमच्या समाजशास्त्राच्या तासाला या विषयावर चर्चा झाली तेव्हा पुरुषाचा उल्लेख एकदाही निघाला नाही, ही गोष्ट मला खटकली. वास्तविक 'वेठ', 'बिगार', 'सालगडी' हे शब्द आपल्या मराठीत जुनेच आहेत, आणि ते ऐकताच डोळ्यांपुढे येतो तो बहुधा पुरुषच. म्हणजे त्याची बिगार आपल्याला ठाऊक आहे. त्याची विक्री होते हे मात्र आपल्या मनात येत नाही. आपल्या राज्यघटनेने कलम २३ मध्ये माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना एकाच दमात मनाई केली आहे. घटनाकारांनी जे जोडले ते आपण तोडून टाकले आहे, असे मला वाटते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व तिच्या सहकारी संस्थांच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात अडकलेली होती. त्यांत स्त्रिया व मुली १ कोटी १८ लाख. उरलेले सुमारे १ कोटी ५८ लाख पुरुष आणि मुलगे. याउलट २०२२ साली जगभरच्या सरकारी यंत्रणांना मनुष्यव्यापाराचे जे बळी प्रत्यक्ष सापडले, त्यांत स्त्रिया व मुली शेकडा ६१ होत्या, असे संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. या दोन मोजण्या एकाच गोष्टीच्या नाहीत, त्यामुळे त्यांची सरळ वजाबाकी करता येणार नाही. तथापि अंदाजात पुरुष अधिक आणि सापडलेल्यांत कमी, ही तफावत विचार करायला लावणारी आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे थायलंडचा मासेमारीचा धंदा. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये थायलंडच्या आखातात मोठे वादळ झाले आणि शेकडो मच्छीमार बुडाले. त्यानंतर थाई तरुण या कामाकडे फारसे फिरकेनात. ती जागा म्यानमार व कंबोडियातील गरीब तरुणांनी भरून काढली. अर्थात सगळेच काही समजून-उमजून आले नाहीत. दलाल गावात येई, कारखान्यात किंवा बांधकामावर काम देतो म्हणे, सीमा ओलांडून नेई आणि बोटीच्या कप्तानाला विकून टाकी. दलालाला मोजलेली रक्कम त्या माणसाच्याच नावावर कर्ज म्हणून मांडली जाई. थाई भाषेत तिला 'का हुआ', म्हणजे डोक्याची किंमत, म्हणतात. आपल्याकडे 'उचल' हा शब्द ज्यांच्या घरात रोज ऐकू येतो, त्यांना हे कर्ज कसे फिटत नाही ते समजावून सांगण्याची गरज नाही. हे मजूर पळून का गेले नाहीत, असे कोणी विचारील. पळायचे कोठे? बोट बंदराला लागतच नसे. मोठे जहाज समुद्रातच येऊन डिझेल व धान्य देई आणि मासळी घेऊन जाई; अशा रीतीने माणसे महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षे, पाण्यावरच राहत.

२०१५ च्या मार्च महिन्यात असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या चार स्त्री-वार्ताहरांनी इंडोनेशियातील बेंजिना या बेटावरच्या गावातली हकीकत उघडकीस आणली. (या बातमीमालेला पुढे २०१६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.) तेथे पळून जातील अशी भीती वाटणाऱ्या मजुरांना कंपनीच्या आवारात पिंजऱ्यात कोंडलेले होते. वीस-बावीस तासांची पाळी, पिण्यास अस्वच्छ पाणी आणि चुकल्यास पाकट माशाच्या विषारी शेपटीचा मार. बेटावरच्या स्मशानात साठाहून अधिक थडगी होती, आणि त्यांवर मृतांची खरी नावे नव्हती. बनावट कागदपत्रांवरची थाई नावे होती. मेल्यावरसुद्धा ज्याला स्वतःचे नाव मिळत नाही त्याचा शोध त्याच्या आईने घ्यावा तरी कसा? ३ एप्रिल २०१५ रोजी इंडोनेशियाचे अधिकारी तेथे पोहोचले. त्या वेळी तीनशेहून अधिक माणसांना तुआल बेटावर हलवण्यात आले. पुढे सुटलेल्यांची एकूण संख्या दोन हजारांवर गेली.

आता कायद्याकडे पाहू. थायलंडचा १९९७ चा मनुष्यव्यापारविरोधी कायदा 'स्त्रिया व बालके' यांच्यापुरताच होता. २००८ चा नवा कायदा येईपर्यंत विकला गेलेला प्रौढ पुरुष त्या देशात मनुष्यव्यापाराचा बळी ठरूच शकत नव्हता. कागदपत्रे नसलेला परकी मजूर, एवढीच त्याची ओळख. पोलिसांच्या हाती लागला तर सीमेपलीकडे रवानगी. आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्याकडील १९५६ च्या अनैतिक व्यापारविषयक कायद्याच्या नावातही 'स्त्रिया व मुली' हेच शब्द होते; १९८६ च्या दुरुस्तीने ते नावातून गेले आणि कलमांत त्यांची जागा 'व्यक्ती' ने घेतली. पण हाही कायदा वेश्याव्यवसायापुरताच. वेठबिगारांसाठी १९७६ चा निराळा कायदा आहे.

पुरुषाच्या बाबतीत नेहमी एक वाक्य ऐकू येते : 'तो स्वखुशीने गेला.' पैसे घेतले, अंगठा दिला, आपल्या पायांनी गाडीत बसला, मग तक्रार कसली? या प्रश्नाला १९८२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलेले आहे. दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी म्हटले की, सक्ती केवळ दंडुक्याचीच असते असे नाही; भूक आणि दारिद्र्य यांमुळे माणूस किमान वेतनापेक्षाही कमी मजुरीवर राबतो, तेव्हा तेही कलम २३ मधील सक्तीचे श्रमच होत. २००० सालच्या पालेर्मो करारानेही फसवणूक वा बळजबरी झाली असेल तेथे संमती गैरलागू ठरवली आहे. २०११ साली भारताने तो स्वीकारला. कायदा स्पष्ट आहे. आपली समजूत मात्र अजून अंगठ्याच्या ठशापाशीच थांबलेली आहे.

हा प्रश्न अंगठेबहाद्दरांचाच आहे, असे मानून पदवीधरांनीही निश्चिंत राहू नये. म्यानमारच्या थायलंडलगतच्या म्यावड्डी भागात तारांच्या कुंपणाआड मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. थायलंडमध्ये संगणकावरची नोकरी म्हणून तरुणांना नेले गेले, तेथे त्यांचे पासपोर्ट काढून घेण्यात आले, आणि दूरदेशच्या लोकांना इंटरनेटवरून लुबाडण्याचे काम त्यांच्याकडून मारहाणीच्या धाकाने करून घेतले गेले. १० व ११ मार्च २०२५ रोजी हवाई दलाच्या दोन विमानांतून ५४९ भारतीय तेथून परत आणले गेले. येथे गुंता आणखीच वाढतो, कारण हा बळी बाहेरून आरोपीसारखा दिसतो. त्याने टंकलिहिलेल्या संदेशांनी कोणा म्हाताऱ्याची आयुष्याची पुंजी गेलेली असते. कोण धाकाने बसला आणि कोण हिश्शासाठी बसला, हे प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी करूनच ठरवावे लागेल. सरसकट दया किंवा सरसकट बेड्या, दोन्ही चूक.

ज्या जाहिरातींना हे तरुण भुलले त्या इंग्रजी आणि संगणक येणाऱ्यांसाठीच होत्या, म्हणजे आपल्यासारख्यांसाठी. तेव्हा परदेशी नोकरीचे पत्र हाती आले तर तो दलाल परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे काय, हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहावे. आणि नोकरी सांगून पर्यटकाच्या व्हिसावर पाठवू म्हणाला, तर तेथेच थांबावे.