घरच्या घरी लिंबूवर्गीय झाडांची कलमे



राई, मुर्धा, मोरवा या आपल्या पट्ट्यात अंगणे लहान होत चालली, तरी दारात एखादे लिंबाचे झाड असावे असे प्रत्येकाला वाटते. काही वर्षांपूर्वी आम्हीही एका रोपवाटिकेतून मोसंबीचे कलम आणून लावले. पहिल्याच पावसाळ्यात बुंध्यापासून जोमदार, काटेरी फूट आली. झाड जोर धरते आहे असे समजून आम्ही ती राखली. मूळ कलमाची फांदी हळूहळू वाळली. पाचव्या वर्षी फळे आली, ती खडबडीत सालीची आणि आंबट! दोष रोपवाटिकेचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता. तशी वेळ इतर कुणावर येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

कलम म्हणजे काय?

कलमात दोन झाडे एकत्र नांदतात. खालचा भाग म्हणजे खुंट. तो मुळे देतो. वर भरलेला डोळा फळ देतो. सालीखाली वाढीचा पातळ थर असतो. दोघांचे हे थर एकमेकांना भिडले की जखम भरून येते व रस वर चढू लागतो. खुंटासाठी आपल्याकडे बहुधा जंबेरी किंवा रंगपूर लिंबू वापरतात. रंगपूर लिंबू क्षार अधिक सोसतो. मिठागरांच्या व खाडीच्या शेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावे.

बी की कलम?

१७१९ साली हॉलंडच्या लेव्हेनहूक यांनी संत्र्याच्या एकाच बीत दोन गर्भ पाहिले. कागदी लिंबाच्या बीतूनही कधी दोन-तीन अंकुर निघतात. त्यांतील बहुतेक रोपे परागाशिवाय, मातृवृक्षाच्याच पेशींपासून बनलेली असतात. म्हणून कागदी लिंबू बियांपासून लावले तरी बहुधा आईसारखेच निघते. पपनसाच्या बीत मात्र एकच गर्भ असतो, त्यामुळे रोप आईसारखे येईल याची खात्री नसते. पपनसाचे कलमच करावे.

बी पिकलेल्या फळातून काढून धुवावे, सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. फार वाळलेले बी उगवत नाही. सुमारे तीन आठवड्यांत अंकुर दिसतो.

डोळा भरण्याची रीत

१) खुंट सुमारे वर्ष-दीड वर्षाचा व पेन्सिलीइतका जाड असावा. थंडीचे दिवस, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी, या कामास चांगले.

२) डोळा निरोगी, भरपूर व चांगली फळे देणाऱ्या झाडावरूनच घ्यावा. ट्रिस्टेझासारखे विषाणूरोग डोळ्याबरोबर नव्या झाडात येतात.

३) जमिनीपासून २० ते २५ सें. मी. उंचीवर खुंटाच्या सालीला इंग्रजी 'टी' अक्षरासारखा छेद द्यावा. उभा छेद अडीच-तीन सें. मी. असावा. डोळा खाली राहिला तर ओल्या मातीतून डिंक्या रोग लागण्याचा धोका वाढतो.

४) ढालीच्या आकाराचा डोळा सालीसह काढून छेदात सरकवावा. डोळा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावे. चाकू स्वच्छ व धारदार हवा.

५) तीन आठवड्यांनी पाहावे. डोळा हिरवा असेल तर तो लागला. मग पट्टी सोडावी व डोळ्याच्या वरचा खुंट टप्प्याटप्प्याने छाटावा.

६) डोळ्याच्या खाली येणारी प्रत्येक फूट कोवळी असतानाच खुडावी. आमची चूक नेमकी येथेच झाली.

गुटी कलम

लिंबाला गुटीही बांधता येते. पावसाळ्याच्या सुरुवातीस पेन्सिलीएवढ्या फांदीची दोन-अडीच सें. मी. रुंद साल गोलाकार काढावी. तेथे ओले शेवाळ लावून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळावा व दोन्ही टोके घट्ट बांधावीत. दीड-दोन महिन्यांत मुळे दिसली की फांदी खालून कापून कुंडीत लावावी आणि काही दिवस सावलीत ठेवावी.

आपल्याकडील काळजी

येथे पाऊस मोठा. मुळांशी पाणी तुंबले की झाड गेलेच समजा. उंचवट्यावर किंवा तळाला भोके पाडलेल्या पिंपात लावावे. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर उन्हाळ्यात ते देऊ नये. पानांवर व फळांवर खैऱ्या रोगाचे खवले दिसल्यास रोगट फांद्या कोरड्या दिवसांत छाटून जाळाव्यात.

विद्यार्थ्यांनी एक तरी डोळा स्वतःच्या हाताने भरून पाहावा. पहिले दोन-तीन फुकट जातील. त्याने खचू नये. आमचे ते चुकलेले झाड आम्ही तोडले नाही. त्याच्या फळांतील बिया आता खुंटासाठी पेरतो. पाच वर्षांचे नुकसान अशा रीतीने थोडेफार भरून निघाले. ज्यांना बी हवे असेल, त्यांनी अवश्य मागावे.