बाबांबरोबर जुन्या मोटारी पाहताना

दिल्लीच्या सरोजिनी नगरमधल्या सरकारी क्वार्टरमध्ये माझं लहानपण गेलं. दारासमोर उभी असलेली पांढरी फियाट हे आमच्या घराचं सगळ्यांत मोठं वैभव होतं. आता आमचा जुना ब्लॉक पुनर्विकासात पाडला गेला आहे, गाडी तर त्याच्या कितीतरी आधी गेली. बाबांनी ऐंशी ओलांडली आहे. अलीकडे हिवाळा आला की मी त्यांना जुन्या मोटारी पाहायला नेते. या फेऱ्यांतून मला जे उमगलं, ते माझ्यासारख्याच मुलामुलींसाठी लिहिते आहे.

१. सुरुवात घराजवळून करा.

सरोजिनी नगरहून चाणक्यपुरीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय अगदी जवळ आहे. १९७७ साली ते सुरू झालं. नावाप्रमाणे तिथे रेल्वेचंच राज्य, पण निजामाच्या राज्यातून आलेला १९१४ सालचा ‘जॉन मॉरिस’ अग्निशमन बंबही तिथलाच. ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राच्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत दिल्लीकरांनी तो रस्त्यावरून धावतानाही पाहिला आहे. ही रॅली १९६४ पासूनची. त्याच आवारात पतियाळा संस्थानची १९०७ ची मोनोरेल आहे. तिची छोटी चाकं एकाच रुळावर चालायची आणि तोल सांभाळायला बाजूचं मोठं चाक रस्त्यावरून फिरायचं. हे कसं चालत असेल, ते बाबांनी नातवाला बराच वेळ समजावलं. वडील किती चालू शकतात, किती वेळाने टेकतात, हे अशा जवळच्या फेरीत कळतं आणि मग लांबचा बेत नीट आखता येतो.

२. सोमवार टाळा, ऊन टाळा.

मोटारींसाठी खरं जायचं ते हरियाणातल्या तावडूला, हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये. तरुण ठकराल यांनी आपल्या संग्रहातून ते उभं केलं आणि २०१३ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. जयपूर हायवेने गुरुग्राम ओलांडायचं आणि बिलासपूर चौकातून तावडूकडे वळायचं. मेट्रो तिथवर जात नाही. सोमवारी ते बंद असतं आणि वयस्क माणसाला ऊन सोसत नाही. पालख्या, बैलगाड्या, बग्ग्या, मोटारी, स्कूटर, रेल्वे, विमान असं सगळं तिथे मजल्यांवर पसरलेलं आहे. वयस्क माणसाने एका दिवसात सगळं पाहण्याचा हट्ट धरू नये. आम्ही थेट मोटारींकडे जातो.

३. पाटी मागाहून वाचा. आधी विचारा, “बाबा, ही सुरू कशी करायचे?”

पाटीवर साल असतं, कंपनी असते, इंजिनाची ताकद असते. गाडी चालवणाऱ्याचे हातपाय काय करत होते, हे तिथे लिहिलेलं नसतं. मी हा प्रश्न विचारला आणि बाबांचा उजवा हात आपोआप पुढे गेला. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा वळवून धरायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर वळवलेला अंगठा मोडतो. हँडल नेहमी खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही.

मग बोलणं आमच्या फियाटवर आलं. गिअर स्टिअरिंगच्या खांबाला, पुढची सीट सलग, म्हणून पुढे तिघं बसायचे. जानेवारीच्या धुक्यात चोक ओढायचा आणि इंजिन तापलं की हळूहळू आत ढकलायचा. तो विसरला तर गाडी भसाभसा पेट्रोल प्यायची. जूनमध्ये उलटी तऱ्हा. सिग्नलला उभ्या गाडीचं इंजिन इतकं तापे की पंपातच पेट्रोलची वाफ होई आणि गाडी जागीच बसे. त्यासाठी बाबा डिकीत पाण्याची बाटली आणि जुन्या धोतराचं फडकं ठेवायचे. ओलं फडकं पंपाला गुंडाळायचं, थोडं थांबायचं, की गाडी सुरू. लहानपणी मी मागच्या सीटवर बसून हे कितीदा पाहिलं होतं, पण त्यामागचं कारण मला त्या दिवशी म्युझियममध्ये पहिल्यांदा कळलं.

अॅम्बॅसॅडरच्या हेडलाइटचा डिपर डाव्या पायाखाली असायचा, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. सांगताना त्यांचा पाय फरशीवर दाबला गेला. त्यांच्या हातापायांनी अजून सगळं धरून ठेवलं आहे.

४. ते थांबतील तिथे थांबा.

राजेरजवाड्यांच्या लांबलचक परदेशी गाड्यांपुढे गर्दी असते. बाबा तिथून हात पाठीशी बांधून पुढे जातात. थांबतात ते नोकरदारांच्या साध्या गाड्यांपाशी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. पुढे तिथेच फियाट ११०० बनू लागली आणि १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ झाली, तरी लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. परवान्यांच्या त्या काळात गाड्या मोजक्याच निघत. नंबर लावायचा, काही वर्षं वाट पाहायची, नाहीतर ‘ऑन’, म्हणजे किमतीवर वरचे पैसे, देऊन दुसऱ्याची घ्यायची. बाबांनी ऑन दिला नाही. सरकारी मोटार अॅडव्हान्स घेतला, पगारातून हप्ते फेडले. ती गाडी घेण्यासाठी आईने काय काय पुढे ढकललं, हे ते मला म्युझियममधल्या फियाटशेजारी उभे राहून सांगत होते. घरात हा विषय कधी निघाला नव्हता.

५. आपल्या मुलखाची गोष्ट निघू द्या.

बाबा मूळचे इचलकरंजीचे. त्यामुळे छोटी मोटार दिसली की शंकरराव कुलकर्णींचं नाव निघतंच. इचलकरंजीच्या या माणसाने ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतः घडवली आणि वर्षानुवर्षं एकामागून एक नमुने सुधारत नेले. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी गाडी हे त्यांचं स्वप्न होतं. ती कारखान्यातून मोठ्या संख्येने कधी बाहेर पडली नाही. सामान्यांची छोटी गाडी म्हणून मारुती ८०० आली ती १९८३ च्या डिसेंबरात. मीराची हकिकत शाळेच्या पुस्तकात असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

६. शर्यतीचं बोलणं नातवावर सोपवा.

माझ्या मुलाला वेग हवा. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर शर्यत झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला, हे त्याला पाठ आहे. आजोबांनी त्याला १९८० च्या पहिल्या हिमालयन रॅलीबद्दल सांगितलं. केनियाचे शेखर मेहता ती जिंकले होते. मद्रासजवळ शोलावरमला महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत आणि रोजच्या वापरातल्या फियाटही त्यात पळत, हे ऐकून मुलगा थक्क झाला. परतीच्या वाटेवर दोघं मागे बसले आणि मला कुणी विचारलंही नाही.

७. घरी जुनी गाडी उरली असेल तर कागद सांभाळा.

दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार आली, तेव्हा अनेकांनी घाईघाईने गाड्या भंगारात दिल्या. २०२१ मध्ये केंद्राने नियम केला की ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. रोजच्या कामाला ती वापरता येत नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. जुनं आरसी बुक फेकू नका.

८. आवाज टिपून ठेवा.

फोटो सगळेच काढतात. मी आता फोन बाबांच्या खिशात ठेवते आणि रेकॉर्डिंग चालू करते. एरवी मोजकं बोलणारा माणूस गाडीच्या बॉनेटपाशी भरभरून बोलतो.

आपल्या संग्रहालयांना माझी एक विनंती आहे. प्रत्येक जुन्या गाडीशेजारी ती चालवलेल्या, दुरुस्त केलेल्या माणसाचा आवाज ऐकायची सोय करा. ती माणसं अजून आपल्यात आहेत. आणि ज्यांच्या घरी असे बाबा, आजोबा, मेकॅनिक काका आहेत, त्यांनी हा हिवाळा वाया घालवू नये.