यात्रेच्या मापाचे घर

माणदेशात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत घराचे माप चौरस फुटांत नव्हे, तर खणांत सांगितले जाई. खण म्हणजे लगतच्या दोन तुळयांमधली जागा. तिची रुंदी वर आडव्या पडणाऱ्या लाकडांच्या लांबीने ठरत असल्यामुळे, बाभूळ आणि लिंब यांपलीकडे इमारती लाकूड फारसे न मिळणाऱ्या या पर्जन्यछायेच्या मुलखात घराला आपोआपच आवर बसे. छप्पर धाब्याचे असे, म्हणजे लाकडांवर पाला अंथरून त्यावर पांढरी माती चोपून केलेले सपाट माळवद असे, आणि खालची जमीन शेणाने सारवलेली असे. सारवण करणारी बाई घरात एकच असेल, तर तिच्या हाताला उरकेल त्याहून मोठे घर कोणी बांधायला जात नसे, ही मर्यादा लाकडाच्या मर्यादेइतकीच खरी होती, जरी ती कोणत्याही कागदावर आली नाही. शिवाय त्या घराची निम्मी जागा माणसांसाठी नव्हतीच. वर्षाचे धान्य साठवायला भिंतीलगत बांधलेले कोठार, म्हणजे बळद, त्याच्या शेजारी बैलजोडी आणि दाराआडच्या कोपऱ्यात शेळ्या-करडे असा सगळा संसार त्यात मावत असे.

आज याच माणदेशातल्या, सातारा जिल्ह्यातील म्हसवडमध्ये धान्य महिन्याच्या हिशेबाने दुकानातून येते, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला आहे आणि कुटुंबे चार-पाच माणसांची झाली आहेत, तरी घरे मात्र वाढली आहेत. याचे एक कारण हौस हे आहेच. पण त्याहून खोलवरचे कारण असे की, येथे घराचे माप रोजच्या दिवसावरून न घेता यात्रेच्या दिवसावरून घेतले जाते. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे देवदिवाळीला, सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो आणि त्या दिवसांत लेकी, जावई, मावळे, मुंबई-पुण्याचे भाऊबंद असे वीस-पंचवीस पाहुणे एकेका घरी उतरतात. त्यांना जागा कमी पडली तर वर्षभर बोलणी ऐकावी लागतील, ही धास्ती नकाशा काढणाऱ्याच्या हातात पेन्सिल देते.

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाने २०१४ साली हीच चूक केली, आणि ती अजून पुरती फिटलेली नाही. पाच माणसांसाठी खाली १,००० आणि माडीवर ९०० चौरस फूट अशी जागा बांधली गेली. एकट्या माडीला ८ लाख रुपये लागले, तेही दसादशे १० टक्के व्याजाच्या कर्जाने. म्हणजे पहिल्या वर्षाचे माडीपुरते व्याज ८० हजार झाले. माडी भरते त्या रात्री वर्षातून चार, तेव्हा पाहुण्यांच्या झोपेचा खर्च रात्रीमागे २० हजार रुपये पडला. मांडववाल्याकडून दारात मांडव घालून गाद्या भाड्याने आणल्या असत्या, तर त्याच्या एका लहानशा अंशात सगळे भागले असते. परंतु हा हिशेब कर्जाचे कागद होण्यापूर्वी मांडला गेला नाही, कारण व्याज महिन्याचे मोजले जाते आणि यात्रा वर्षाची, त्यामुळे ही दोन मापे एका ओळीत कधी आलीच नाहीत.

न वापरलेली खोली जशीच्या तशी राहते, हा समजही याच माडीने घालवला. वरच्या न्हाणीघरातील जाळीखाली एक वळणाचे भांडे असते आणि त्यात साचून राहणारे पाणी गटाराचा वास अडवते. वापर नसला की ते पाणी आटते आणि वास थेट खोलीत शिरतो. दुसऱ्या वर्षी यात्रेच्या आदल्या दिवशी माडीचे कुलूप काढले तेव्हा प्रथम नाकाला पदर लावावा लागला, मग दिसले की दाराच्या चौकटीला वाळवीने तळापासून हातभर मातीची नळी चढवली आहे आणि गाद्यांच्या थप्पीवर पारव्यांनी घरटे केले आहे. झाडलोट, फिनेल, चौकटीची दुरुस्ती आणि गाद्यांना ऊन देणे यांत घरातील दोन बायकांचे तीन दिवस गेले. पाहुणे आले तेव्हा त्या दोघी दमलेल्या होत्या; पाहुण्यांना अर्थातच त्याची कल्पना नव्हती.

उन्हाळ्याचा हिशेब निराळाच निघाला. माळवदाची जाड माती दुपारचे ऊन आत सहजी येऊ देत नसे. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री खोलीत सोडतो. त्यामुळे मार्चपासून जूनपर्यंत माडी नावालाच असते, मुले खालच्या बैठकीच्या खोलीत झोपतात आणि लेखकाच्या आईची बाज पूर्वीसारखीच ओट्यावर पडते. पाण्याची गोष्ट तर बोलायलाच नको. सारवण आठवड्याचे होते, फरशी रोज पुसावी लागते, आणि टँकरच्या वर्षात एक बादली फरशीवर घालायची की न्हाणीत, हा प्रश्न १,९०० चौरस फुटांच्या घरात दररोज नव्याने उभा राहतो.

सरकारी मापे येथे कितपत उपयोगी पडतात? राष्ट्रीय इमारत संहिता राहण्याच्या एकट्या खोलीसाठी किमान ९.५ चौरस मीटर जागा सांगते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट धरले आहे. आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८ सालच्या ७६ व्या फेरीत ग्रामीण घराचे सरासरी क्षेत्रफळ ४६.६ चौरस मीटर, म्हणजे ५०० चौरस फुटांच्या आसपास आढळले. याच सातारा जिल्ह्यातून मुंबईला गेलेल्या कामगारांच्या पिढ्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत वाढल्या, यावरून १६० पुरतात असा निष्कर्ष काढणे मात्र निर्दयपणाचे होईल; ती खोली पुरत असे ती बाहेरचा व्हरांडा, जिना आणि रस्ता यांच्या जिवावर. किमान माप आरोग्यासाठी असते, ते गरज सांगत नाही. सरासरी तर कोणाचीच गरज सांगत नाही.

या मुलखात घर किती मोठे हवे या प्रश्नाची आणखी दोन टोके शेजारी शेजारी दिसतात. गलाईचा, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा धंदा करणारी माण, आटपाडी, खानापूर या तालुक्यांतील कुटुंबे भारतभर पसरली आहेत. तिकडे ती बहुधा दुकानामागच्या किंवा वरच्या अडचणीच्या जागेत राहतात आणि गावी बंगला बांधतात, जो वर्षातले बहुतेक महिने कुलपात असतो. दुसरीकडे मेंढपाळ धनगर पावसाळा सरला की घोड्यावर संसार लादून मेंढरांमागे निघतात आणि त्यांच्या मुक्कामालाही ‘वाडा’ असेच म्हणतात. चौसोपी इमारतीला आणि जाळीच्या कुंपणातल्या मेंढरांच्या तळाला मराठीने एकच शब्द ठेवला आहे, यात थट्टा असेल तर ती भाषेचीच.

नव्याने बांधणाऱ्याने म्हणून आधी बांधकाम नव्हे, नोंद करावी. सध्याच्या घरात पहाटे, दुपारी, तिन्हीसांजेला आणि रात्री कोण कोठे असते, हे निदान पंधरा दिवस उन्हाळ्यात आणि पंधरा दिवस पावसाळ्यात वहीत लिहून ठेवावे. लेखकाच्या घरी ही वही बांधकामानंतर सहा वर्षांनी झाली, आणि तिच्यात स्वयंपाकघर, बैठकीची खोली व ओटा या तीन जागांखेरीज फारसे काही आले नाही. मुलीच्या अभ्यासाला दार लावता येईल अशी एक लहान खोली हवी होती, नेमकी तीच घरात नव्हती. त्यानंतर मोकळ्या जागेवर फक्की, म्हणजे चुन्याची भुकटी टाकून खोल्या खऱ्या मापात आखाव्यात आणि त्यांत बाज, कपाट व गॅसची शेगडी प्रत्यक्ष नेऊन ठेवावी. कागदावरचे दहा फूट आणि पायाखालचे दहा फूट यांत किती फरक आहे, ते तेव्हाच कळते.

पुढे वाढवायचे असेल तर पाया आणि खांब वरच्या मजल्याचे वजन धरून अभियंत्याकडून काढून घ्यावेत आणि जिन्याची जागा बाहेरून राखावी. गच्चीवर सोडलेले लोखंडी गज मात्र उघडे ठेवू नयेत, ते गंजून आतल्या काँक्रीटला तडे देतात, म्हणून त्यांवर हलक्या काँक्रीटचे आवरण घालावे. माडीचे पैसे वाचले तर त्यांतील थोडे जमिनीखालच्या टाकीत घालावेत. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. १,००० चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर गच्चीवर वर्षाला ४५० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी ३३ हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे तीन टँकर दारात जमा होतात. लेखकाच्या घरी हे पाणी सात पावसाळे गटारात गेले.

गलाईच्या धंद्यात असलेल्या लेखकाच्या एका चुलतभावाने अलीकडे गावी प्लॉट घेतला, तेव्हा त्याने आधी फक्की टाकली. संध्याकाळी त्याची बायको त्या रेघांतून फिरली, शेगडीच्या जागी उभी राहून वारा कोठून येतो ते तिने पाहिले, ओटा दोन हात रुंद करायला सांगितले आणि जिन्याची रेघ चपलेने पुसून टाकली.