ट्रॅक्टरवरील हायड्रॉलिक विंच : जोडणी व वापर

कोकणात व सह्याद्रीच्या पायथ्याशी अनेक शेतकऱ्यांनी आपल्या वरकस जमिनीत साग वाढविला आहे. अशा ठिकाणी झाड पाडणे फारसे अवघड नसते; पाडलेला ओंडका घळीतून वर रस्त्याला आणणे हे खरे कष्टाचे काम होय. हे काम पूर्वापार बैलजोडीने अथवा माणसांनी पहारी व दोर लावून होत आले आहे. ओंडका निसटून मागे आला, तर माणूस व जनावर दोघांच्याही जिवावर बेतते. ट्रॅक्टर उतारावर नेऊन त्याच्या मागे ओंडका बांधणे हा उपायही तितकाच धोक्याचा आहे. विंचचा खरा लाभ असा की, ट्रॅक्टर वर सपाट जागी स्थिर उभा राहतो आणि ओंडका पोलादी दोराने त्याच्याकडे ओढला जातो.

विंच घेण्यापूर्वी ओंडक्याचे वजन समजून घ्यावे. ओला साग जवळजवळ पाण्याइतकाच जड असतो. ब्रह्मदेशात साग नदीतून वाहून न्यावयाचा असल्याने झाडाच्या बुंध्याभोवती गोल खाच घेऊन ते आधी उभ्याउभ्याच वाळवीत असत, ते याच कारणाने. 4 मीटर लांब व 1.2 मीटर घेराचा ओला ओंडका सुमारे 450 किलो भरतो. खडबडीत जमिनीवर तो ओढण्यास वजनाच्या साधारण पाऊण पट जोर धरावा. चारास एक असा चढ असेल, तर आणखी पाव पट मिळवावा. म्हणजे एकूण जोर सुमारे 450 किलो झाला. दीड टनाची विंच असे दोनतीन ओंडकेदेखील एका वेळी आणू शकते. असे असता पुष्कळांना 5 टनांची विंच घेण्याचा मोह होतो. पुढील हिशेब पाहिल्यास त्यातील चूक ध्यानात येईल.

समजा, ट्रॅक्टर 2 टनांचा असून त्यापैकी 800 किलो भार पुढच्या चाकांवर आहे व दोन्ही आसांमधील अंतर 2 मीटर आहे. मागे टांगलेली 300 किलोची विंच त्यातील काही भार हलका करते. अशा ट्रॅक्टरवर दोर जमिनीपासून 1 मीटर उंचीवरून आडवा ओढला गेला, तर सुमारे 1300 किलोच्या ओढीस पुढची चाके उचलू लागतात. दोर अर्ध्या मीटरवरून जात असेल, तर त्यासाठी दुप्पट ओढ लागते. ओंडका खालच्या घळीत असेल, तर दोर तिरपा खाली जातो व हा धोका वाढतो. ओंडका बुंध्यात अडकला की ओढ क्षणात वाढते. त्या वेळी चालकाला उडी मारण्यास सवड मिळत नाही. ट्रॅक्टर मागे उलटण्यास एखाददुसरा सेकंद पुरतो.

म्हणून दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. दोर ज्या कप्पीतून बाहेर पडतो ती शक्य तितकी खाली असावी, आणि विंचची जमिनीवर टेकणारी पोलादी पाटी ओढ सुरू होण्यापूर्वी मातीत नीट रुतलेली असावी. दुसरी गोष्ट रिलीफ व्हॉल्व्हची. जादा दाब सोडून देणारी ही झडप अशी बसवावी की ट्रॅक्टर हलण्याआधी विंच थांबेल. वरील ट्रॅक्टरला दीड टनाची मर्यादा योग्य होय. ओंडका हलत नाही म्हणून या झडपेचा स्क्रू आवळण्याची खोड सर्रास आढळते. असे केल्याने यंत्रातील एकमेव राखणदार झोपी घातल्यासारखे होते. दाब निर्मात्याच्या तक्त्याप्रमाणे दाबमापक लावून एकदाच ठरवावा व नटावर रंगाची खूण करून ठेवावी, म्हणजे कोणी हात लावल्यास लगेच कळते. दोर पूर्ण सुटलेला असताना ढोलाचा व्यास लहान असतो व ओढ सर्वांत अधिक असते. ढोल भरत जातो तशी ओढ घटते व वेग वाढतो. यासाठी मर्यादा नेहमी पहिल्या थरावरच ठरवावी.

आता जोडणीविषयी. विंच थ्री-पॉइंट लिंकेजच्या तिन्ही पिनांवर बसवून पिनांना खिळी लावावी आणि खालच्या दांड्यांच्या साखळ्या ताणून विंच आडवी हलणार नाही असे करावे. ट्रॅक्टरच्या पुढील बाजूस वजने लावणे इष्ट. पंपाचे तेल मिनिटाला 20 लिटर व दाब 150 बार असेल, तर सुमारे 5 किलोवॅट शक्ती मिळते. घट वजा जाता दीड टनाच्या ओढीस दोर मिनिटाला 16 मीटर येतो. ही गती जंगलातील कामास पुरेशी आहे. मोटारीतून परतणारे तेल टाकीत मोकळेपणाने जावे. मोटारीला स्वतंत्र गळती-नळी असल्यास ती अन्य नळीत न जोडता थेट टाकीला न्यावी, अन्यथा आसाचे सील फुटते. ब्रेक स्प्रिंगने लागणारा व तेलाच्या दाबाने सुटणारा असावा. तशा ब्रेकने नळी फुटली तरी ओंडका जागीच धरला जातो. चालक व विंच यांमध्ये जाड जाळी असावी.

दोर 10 मिलिमीटरचा, पोलादी गाभ्याचा घ्यावा. असा नवा दोर साधारण 5 ते 6 टनांस तुटतो. ढोलावर कमीत कमी 4 ते 5 वेढे नेहमी शिल्लक ठेवावेत. तारा तुटून वर आलेला अथवा पीळ पडलेला दोर टाकून द्यावा. दोर हाताळताना चामड्याचे हातमोजे घालावेत, पण फिरत्या ढोलाजवळ हात कधीही नेऊ नये.

अवजड ओंडक्यासाठी कप्पीचा उपयोग होतो. कप्पी ओंडक्याला बांधून दोराचे टोक परत आणल्यास ओंडक्यावरील ओढ दुप्पट होते. हे टोक मात्र ट्रॅक्टरला बांधू नये. तसे केल्यास दुप्पट भार ट्रॅक्टरवरच येतो. ते जिवंत, जाड झाडाच्या मुळाशी रुंद पट्टा घालून बांधावे.

काम सुरू असता दोराच्या रेषेत व वळणाच्या आतल्या बाजूस कोणीही उभे राहू नये. मुलांना तर त्या शिवारात येऊच देऊ नये. ओंडक्यामागे चालणाऱ्या माणसाने बाजूने व वरच्या अंगाने चालावे, आणि थांबण्याची हाताची खूण आधीच ठरलेली असावी. ओंडका अडकल्यास आधी दोर सैल करावा, मग तो पहारीने फिरवावा.

तेलाची गळती हाताने चाचपू नये. सुईएवढ्या भोकातून उडणारे तेल कातडी भेदून आत शिरते. जखम क्षुल्लक दिसली तरी काही तासांतच शस्त्रक्रियेची गरज पडते. गळती पुठ्ठा धरून पाहावी, व नळी सोडविण्यापूर्वी इंजिन बंद करून दाब उतरवावा.

साग हा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 खालील अनुसूचित वृक्ष असल्याने परवानगी मिळाल्याशिवाय तोड करता येत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी विंचचे प्रात्यक्षिक ठेवताना प्रथम सपाट जागेवर एक लहान ओंडका ओढून दाखवावा, आणि मग तोच ओंडका मुद्दाम खुंटाला अडकवून झडप कोणत्या दाबाला सुटते हे सर्वांसमोर पाहावे.